पिवळी भुकटी आणि हिरवा त्रिकोण

(वळ, तालुका भिवंडी इथल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून मागं बसलेली दोन-चार पोरं हसली. बुरशीनाशक! हा काय भाषणाचा विषय झाला? भाषण म्हणजे क्रांती पाहिजे, विद्रोह पाहिजे. शेतीच्या औषधाशी आपला संबंध काय? आपल्या नावावर सातबारा नाही, बांध नाही, बांधावरचं झाडही नाही.

संबंध सांगतो. मॅन्कोझेब नावाची एक पिवळट भुकटी आहे. शेतकरी तिला 'एम फॉर्टी फाय' म्हणतो. बटाटा, टोमॅटो, मिरची, द्राक्ष, केळी यांच्यावर बुरशी चढू नये म्हणून ती पाण्यात कालवून फवारतात. एका एकराला एका फवारणीला साधारण पाऊण किलो लागते. आता गोदामाचा हिशेब करा. पंचवीस किलोच्या चारशे गोण्या म्हणजे दहा टन, म्हणजे एक ट्रक. हा एक ट्रक तेरा हजार एकरांना पुरतो. तेरा हजार एकरांवर, उघड्या वाऱ्यात, पाण्यात पातळ करून जे पसरायचं, ते चार हमाल एका दुपारी पत्र्याखाली, शटरच्या आत, कोरडं आणि एकदम, मानेवरून उतरवतात. माणशी शंभर गोण्या. अडीच टन. आता सांगा, या औषधाशी संबंध कुणाचा जास्त? बागायतदाराचा की आपला?

म्हणून आज रसायनशास्त्र बोलायचं. आपल्या बापाला कुणी हे शिकवलं नाही. त्याला फक्त उचलायला शिकवलं. काय उचलतोय ते विचारायचं नाही, हा नियम जुनाच आहे. मेलेलं ढोर कशानं मेलं हे ओढणाऱ्याला कधी कुणी सांगितलं होतं? आता ढोराच्या जागी गोणी आलीय आणि पाटलाच्या जागी ठेकेदार.

आधी आपलं गाव समजून घ्या. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, गुंदवली, मानकोली. हा सगळा भाताचा पट्टा. खाचरांवर मातीचा भराव पडला, भरावावर पत्रे चढले आणि गोदामं झाली. का झाली? मुंबईत जकात होती आणि इथल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नव्हती. माल इथं उतरवायचा, लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. लोक म्हणाले, आता भिवंडी बसणार. बसली नाही, उलट फुगली. हायवे इथंच, मुंबई-ठाणे शेजारी, आणि मजूर स्वस्त. या गावांचं नियोजन २००७ पासून एमएमआरडीएकडे आहे. नियोजन कागदावर आणि गाळे जमिनीवर. एकाच कंपाउंडात एका गाळ्यात बिस्किटं, शेजारी रंग, त्याच्या शेजारी ॲसिडचे कॅन, पलीकडे शेतीची औषधं. बाहेर पाटी नाही. असली तर ती मालकाच्या नावाची असते, मालाच्या नावाची नाही.

आणि याच गोदामांच्या डोक्यावर माणसं राहतात. २९ एप्रिल २०२३ ला मानकोलीजवळ वळपाड्यात एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. आठ माणसं मेली. ते बुरशीनाशकानं मेले नाहीत, इमारतीनं मेले. तरी ती गोष्ट इथं सांगतो, कारण खाली काय ठेवलंय, किती ठेवलंय, हे वर झोपणाऱ्याला विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही.

आता भुकटीकडे येऊ.

बुरशीशी माणसाचं भांडण जुनं आहे आणि खरंही आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, पीक सडलं आणि दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि रोगानं मेली. धान्य त्याच देशातून जहाजं भरून बाहेर जात होतं, तो भाग वेगळा. म्हणून औषध लागतं, हे मी नाकारत नाही. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या मळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. कशासाठी? जाणाऱ्या-येणाऱ्यानं घोस तोडून खाऊ नये म्हणून. निळा रंग दिसला की विषाचा संशय येतो, भुकेला हात मागं घेतो. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की शिंपडलेल्या वेलींवर केवडा येत नाही. १८८५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं. तेच बोर्डो मिश्रण. नाशिकचे द्राक्षवाले आजही मारतात. बघा, जगातलं हे पहिलं मोठं बुरशीनाशक सापडलं ते भुकेल्या माणसाला घाबरवायच्या नादात!

मॅन्कोझेब नंतरचं. १९३४ मध्ये अमेरिकेत डायथायोकार्बामेट नावाच्या घराण्याचं पेटंट निघालं. हे घराणं आलं रबराच्या धंद्यातून. टायर पक्कं करायला जी रसायनं वापरत होते, त्यांचेच हे भाऊबंद. त्या घराण्यातलं मॅन्कोझेब रोम अँड हास या अमेरिकन कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलं. डायथेन एम-४५ हे त्याचं गाजलेलं नाव. आपल्याकडच्या दुकानांत इंडोफिल एम-४५ दिसतं. तेच हे.

आत काय आहे? मँगनीज हा धातू आहे, थोडं जस्त आहे आणि गंधक, नत्र, कार्बन यांची एक लांब साखळी आहे. गंधकाचे हात धातूला धरून ठेवतात. वजनाचा साधारण पाचवा भाग मँगनीज. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही, म्हणून इतकी बारीक दळतात की पाण्यात तरंगत राहावी आणि पानावर चिकटून बसावी. गोणीवर '७५ टक्के डब्ल्यूपी' लिहिलेलं असतं. याचा अर्थ शंभर ग्रॅमला पंचाहत्तर ग्रॅम औषध, बाकी भरणा, आणि पाण्यात कालवायची भुकटी. आता ध्यानात घ्या. जो बारीकपणा पानाला चिकटायला केलाय, तोच बारीकपणा श्वासातून आत जायला सोयीचा आहे.

ती बुरशीला कशी मारते? बुरशीच्या पेशीत गंधकाच्या जोरावर काम करणारी अनेक प्रथिनं असतात. ही भुकटी तिथं एकदम अनेक ठिकाणी घाव घालते. एकाच कुलपाची किल्ली असती तर बुरशीनं कुलूप बदललं असतं. इथं सगळं घरच पाडायचा मामला, म्हणून साठ वर्षं झाली तरी बुरशीला हिची सवय झालेली नाही. झाडाच्या आत ती शिरत नाही. वर बसते आणि जिथं लागली तिथंच काम करते. शेतीच्या पुस्तकात अशा औषधाला शब्द आहे 'स्पर्शजन्य'. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबलो. म्हटलं, वा! ज्यांचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्यांच्याच अंगाला आता या औषधाचा सगळ्यात जास्त स्पर्श.

मी स्वतः दोन पावसाळे इथल्या एका गाळ्यात चलनं लिहिलीत. दिवसा चलन, रात्री कॉलेज. फाटलेली गोणी सुतळीनं शिवायची, खाली सांडलेली भुकटी झाडूनं गोळा करून परत भरायची, असा तिथला रिवाज. झाडायचं काम बायांचं. एका मावशीच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, डोळे लाल. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, "हिरवा त्रिकोण हाय, मावशी. पाण्यात घालून पिलं तरी काय व्हत नाय." तो मुद्दाम खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं तो बोलला. पण हिरव्या त्रिकोणाचा खरा अर्थ काय, हे मला तेव्हा हुडकावंसं वाटलं.

तो अर्थ असा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक पुड्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. रंग कशावरून ठरतो? प्रयोगशाळेत उंदरांना औषध देतात. एका वेळच्या किती मात्रेनं निम्मे उंदीर मरतात ते मोजतात. तोंडावाटे दिलेलं, किलोभर वजनामागं ५० मिलिग्रॅमपर्यंत लागलं तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याहून जास्त लागलं तर हिरवा. कातडीवाटेचंही असंच कोष्टक आहे. मॅन्कोझेब ५००० च्या वर जातं, म्हणून हिरवा.

म्हणजे हिरवा त्रिकोण एवढंच सांगतो की एका घोटात हे लवकर मारत नाही. ते खरंच आहे, त्यात फसवणूक नाही. पण आपण घोट घेत नाही. आपण रोज श्वास घेतो. वीस वर्षं रोज थोडं थोडं आत गेलं तर काय, याचं उत्तर त्रिकोणात नाही. पोटुशी बाई झाडत असेल तर पोटातल्या लेकराचं काय, याचंही नाही. त्रिकोणाला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

दुसरी गोष्ट ओलीची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपण कोकणात आहोत.

ही साखळी कोरड्या, थंड जागी टिकते. ओल आणि उष्णता मिळाली की तुटायला लागते. तुटताना तीन गोष्टी निघतात. एक हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस. दुसरी कार्बन डायसल्फाइड. तिसरी इथिलिन थायोयुरिया, तिला ईटीयू म्हणतात. वर तुटताना उष्णताही निघते. ती उष्णता थप्पीच्या पोटात अडकली की आणखी भुकटी तुटते आणि आणखी उष्णता. हिच्या थोरल्या भावाचं, मॅनेबचं नाव तर धोक्याच्या मालाच्या जागतिक यादीत आपोआप पेट घेणारा आणि ओला झाला की धोकादायक माल म्हणूनच नोंदलेलं आहे.

कार्बन डायसल्फाइड इथल्या माणसाला नवीन नाही. शहाडच्या आणि मोहन्याच्या रेयॉन कारखान्यांत ज्यांचे बाप-काके कामाला होते, त्यांना हे नाव माहीत आहे. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढायला ते लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या कारखान्यात त्याच्याच टँकरचा स्फोट होऊन कामगार मेले. त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पटीहून जड असते, खाली बसते, जमिनीवरून सरकते. आणि पेटायला ठिणगीही लागत नाही, शंभर अंशांच्या आसपासची गरम नळी पुरते. गोणीतून निघतं ते टँकरसारखं भरमसाट नाही, हेही सांगतो. पण बंद शटर, खेळती हवा नाही, भिजलेली थप्पी, शेजारी ॲसिडचा गळका कॅन, म्हणजे तयारी पुरी झाली. ॲसिड लागलं की ही भुकटी झपाट्यानं तुटते आणि हा गॅस सोडते. मग तिथं कुणी बिडी पेटवली की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात : भिवंडीत गोदामाला आग, कारण अस्पष्ट.

आता वळचा जुलै आठवा. वरून पत्रा गळतो, खालून भरावाची जमीन पाणी सोडते. थप्पी थेट लादीवर, भिंतीला टेकून, पत्र्यापर्यंत. ऑक्टोबरात तोच पत्रा तापतो. पावसात भिजवायची आणि उन्हात भाजायची, असाच हा बंदोबस्त. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झालं? वेगळं रसायन, वेगळा गॅस, पण टाकीत पाणी शिरलं. शेतीच्या औषधाचाच कारखाना होता. पाणी जाऊ नये अशा ठिकाणी पाणी गेलं आणि भिंतीपलीकडच्या झोपड्या मेल्या.

आता अंगाचं बोलू. लगेच दिसणारं काय? कातडीला खाज, पुरळ, डोळ्यांची आग, घसा खवखवणं. एकदा कातडीनं ही भुकटी ओळखली की पुढच्या वेळी थोडी लागली तरी पुरळ उठतं. मावशीचं तेच झालं होतं.

न दिसणारं काय? ईटीयू. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती अंगाचा वेग ठरवते. ईटीयू तिचं काम अडवतं. मेक्सिकोत पाठीवर पंप बांधून टोमॅटोवर याच जातीची औषधं मारणाऱ्या मजुरांची तपासणी १९९० च्या दशकात झाली, त्यांच्या रक्तात थायरॉइडवर ताण पडल्याच्या खुणा दिसल्या. कोस्टारिकात केळीच्या मळ्यांवर विमानातून मॅन्कोझेब मारतात. तिथल्या गरोदर बायांच्या लघवीत ईटीयू सापडलं, आणि मळ्याला घर जितकं जवळ तितकं ते जास्त. त्यातल्या कितीतरी बायांनी ते औषध हातातही घेतलं नव्हतं. नुसत्या शेजारी राहत होत्या. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत लेकराच्या मेंदूला आईच्याच थायरॉइडचा आधार असतो. म्हणून हे बायांनी नीट ऐकायचं आहे. भुकटी जुनी, भिजलेली, तापलेली असेल तर तिच्यात ईटीयू वाढत जातं. आणि जुना, भिजलेला, परत आलेला माल झाडायला-निवडायला कुणाला बसवतात? बायांना.

मग मँगनीज. मँगनीजच्या खाणीत वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या कामगारांचे हात थरथरतात, चाल बिघडते, चेहरा लाकडासारखा होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. मॅनेब हाताळणाऱ्या ब्राझीलच्या कामगारांत असल्याच खुणा दिसल्याचं तिथल्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये छापलं. प्रत्येक हमालाला हे होईल असं मी म्हणत नाही. घाबरवायला आलेलो नाही. पण साठीतल्या बापाचा हात थरथरला की आपण म्हणतो, दारूनं झालं. एकदा तरी विचारा, त्यानं आयुष्यभर उचललं काय होतं?

दारूवरून सांगतो. याच घराण्यात थायरम आहे. बियाण्याला चोळतात, रबरातही वापरतात. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीच्या डॉक्टरानं लिहिलं की रबराची ही रसायनं हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. तोंड लाल होतं, छाती धडधडते, मळमळतं. दारू सोडवायच्या गोळीचं मूळ तिथंच आहे. तेव्हा थायरमची गोणी उचलून संध्याकाळी गुत्त्यावर जाणाऱ्यानं जपावं. तसं गुत्त्यावर जाऊच नये, पण ते भाषण दुसऱ्या दिवशी.

डॉक्टरकडे जाल तेव्हा गोणीवरचा कागद घेऊन जा. 'शेतीचं औषध' म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिल्यांदा फॉस्फरसवाली कीटकनाशकं येतात, त्यांचा उतारा ॲट्रोपिन. मॅन्कोझेब त्या जातीचं नाही. नावात कार्बामेट असलं तरी कार्बारिलसारखं ते काम करत नाही. त्याला खास उतारा नाही, लक्षणं बघून इलाज करतात. फॉस्फरसवाल्यांसाठीची रक्ततपासणी चांगली आली म्हणून माणूस निर्धोक ठरत नाही. ही साधी गोष्ट, पण गोणीवरचं नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. १९६८ चा कीटकनाशक कायदा. नाव कीटकनाशक असलं तरी बुरशीनाशक त्यात येतं. मालक म्हणेल, हे कीटकनाशक नाही, पावडर आहे. ऐकू नका. १९७१ चे नियम सांगतात : हा माल इतर मालापासून वेगळ्या खोलीत ठेवायचा. खोली पक्की, कोरडी, उजेडाची, हवेशीर हवी. अन्नाला किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल असा ठेवायचा नाही, न्यायचा नाही. हाताळणाऱ्या माणसाची कामावर घेण्याआधी आणि नंतर ठराविक मुदतीनं डॉक्टरी तपासणी. अंगावर घालायचे कपडे, श्वासाची साधनं, धोक्याचं शिक्षण, प्रथमोपचार. पुड्यात माहितीपत्रक, तेही प्रादेशिक भाषेत. पन्नास वर्षांहून जास्त झाली या नियमांना. इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या बापाची अशी तपासणी झालीय? हात वर करा. एकही नाही. बरं.

सुटा माल दुसऱ्या पुड्यात भरायचा असेल तर त्या कायद्यानं ते उत्पादनच धरलं जातं आणि परवाना लागतो. कामगार कायद्यातही भरणं-बांधणं उत्पादनातच मोडतं. म्हणजे जिथं पुडे भरतात तो गाळा कारखाना ठरू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस माणसं आणि विजेविना चाळीस माणसं असली तरच कारखाना. ठेकेदार एकोणिसावर थांबतो. त्याला गणित चांगलं येतं. पण धोक्याच्या कामाला सरकार अधिसूचना काढून एका माणसाच्या ठिकाणीही संहिता लावू शकतं. ती अधिसूचना मागायला कोण गेलं? हमालांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळवला, पण नोंद नसलेल्या हमालाला तो दारातूनही दिसत नाही. आणि एक ध्यानात ठेवा. मँगनीजची विषबाधा आणि कार्बन डायसल्फाइडची विषबाधा, दोन्ही भरपाई देण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. या गोणीत पहिलं आहे आणि दुसरं तिच्यातून निघतं.

युरोपनं काय केलं? मॅन्कोझेब गर्भातल्या मुलाला इजा करू शकतं आणि अंगातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं, या कारणांवरून युरोपीय संघानं डिसेंबर २०२० मध्ये त्याची मंजुरी पुढं चालू ठेवायचं नाकारलं. आपल्या केंद्र सरकारनंही मे २०२० मध्ये सत्तावीस औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब होतं, थायरमही होतं. मसुदा फिरला, हरकती आल्या, समित्या बसल्या. २०२३ मध्ये खरी बंदी आली ती थोडक्यांवर. त्यात डिनोकॅप हे बुरशीनाशक गेलं, मॅन्कोझेब राहिलं. तिकडच्या गरोदर बाईला जे चालत नाही ते वळच्या बाईला कसं चालतं? दोघींच्या गळ्यातली ग्रंथी एकच आहे ना?

काही म्हणतील, मग बंद करा म्हणा. मी तेवढ्यावर थांबत नाही. उद्या हे बंद झालं तर दुसरी भुकटी येईल, दुसऱ्या रंगाची. उचलणारा तोच राहील. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. ती कीटकनाशकं होती, जास्त जहाल. पण पंप कुणाच्या पाठीवर होता? कितीतरी जण दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारणारे. बातम्यांत मात्र बहुतेक ठिकाणी 'शेतकरी' म्हणून गेले. मेल्यावर का होईना, जमीन मिळाली!

बाबासाहेब यंत्राच्या, विज्ञानाच्या विरोधात नव्हते. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्या यादीत रसायनशास्त्र नव्हतं. रसायनशास्त्र आपलं आहे. ते मालकाच्या तिजोरीत पडलंय, ते काढून आणायचं आहे. गोणीवरची अक्षरं वाचणारा हमाल मालकाला घोषणा देणाऱ्या हमालापेक्षा जड जातो, हे मी बघितलंय. घोषणाही द्यायच्या, पण आधी वाचायचं.

तर करायचं काय? भाषण संपल्यावर विसराल, म्हणून मोजून सांगतो.

पहिलं. गोणी उचलायच्या आधी नाव वाचायचं. कंपनीचं नाही, औषधाचं. त्रिकोणाचा रंग, तारीख, आणि आतलं माहितीपत्रक. इंग्रजी असेल तर कॉलेजातल्या पोरानं मराठीत उतरवायचं आणि गाळ्यावर चिकटवायचं.

दुसरं. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, पत्र्यापासून खाली. भिजलेली गोणी थप्पीत परत टाकायची नाही, बाहेर हवेशीर जागी वेगळी काढायची. ॲसिड शेजारी नको, खाण्याचा माल तर नकोच.

तिसरं. सांडलं तर कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. पाईपानं गटारात धुवायचं नाही, माशांना हे फार जहाल आहे आणि आपलं गटार खाडीत जातं. कोरडी वाळू पसरून हळूच फावड्यानं भरायचं.

चौथं. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मनाचं समाधान. बारीक धुळीचा मास्क, हातमोजे, बंद चष्मा मालकानंच द्यायचे. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, लेकरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. गाळ्यावर नळ आणि साबण ही दया नाही, हक्क आहे.

पाचवं. रिकामी गोणी घरी आणायची नाही. मोरीला आडोसा, झोपडीवर आच्छादन, तांदळाला पोतं, काही नाही. मला माहीत आहे, चांगलं प्लास्टिक फेकवत नाही. तरी नाही.

सहावं. आग लागली की आधी माणसं बाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेला. धुरात काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. अग्निशमनवाल्यांना पहिलं वाक्य सांगायचं : आत काय आहे, किती आहे. त्यासाठी आजच कंपाउंडातल्या गाळ्यागाळ्याची यादी करायची. ही यादी पंचायत करत नसेल तर आपण करू. हमाल, टेम्पोवाले, झाडणाऱ्या बाया, या सगळ्यांना मिळून माहीत नाही असा वळमध्ये एकही गाळा नाही.

सातवं. तपासणी. यादी घेऊन तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं आणि कामगार खात्याकडं लेखी अर्ज. तोंडी नाही, लेखी. पोच घ्यायची. त्यात मागायचं : नियमाप्रमाणे डॉक्टरी तपासणी, थायरॉइडसकट. गरोदर बाईला या मालावरून उठवून दुसरं काम, रोज न कापता.

हे सात मुद्दे मागण्यांसारखे दिसतात, पण यातले बरेचसे आधीच कायदा आहेत. आपण नवं काही मागत नाही. मालकानं पन्नास वर्षं जी उधारी ठेवली ती वसूल करायची आहे.

शेतकरी या भुकटीला 'औषध' म्हणतो. त्याच्या पिकाला ते औषध आहे, मान्य. आपल्याला मात्र त्यातून फक्त वाराई मिळते आणि खोकला मिळतो. वाराई वाढवून मागायला आपण शिकलो. आता खोकल्याचा हिशेब मागायला शिकू. यादीची वही मी आणलीय, पेन पण आहे. दाराशी बसतो. जाताना प्रत्येकानं आपल्या गाळ्यात काय आहे ते एक ओळ लिहून जा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, शेजारचा लिहील.

जयभीम.